ओढ्याच्या रानातला वाटा

पारगव्हाणात सारिका औटीला लोक बिबट्याची तलाठीण म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तीही हसून घ्यायची, कारण काम होतंच तसं. रोज दुपारी चारला ती टॅब गळ्यात अडकवून स्कूटरवर बसायची आणि गावच्या सातही वस्त्या पालथ्या घालायची. कोणाच्या शेळ्या किती, त्यातल्या बंद गोठ्यात किती, उघड्यावर किती. कुत्री बांधलेली किती, मोकाट किती. डुकरं कुठल्या उकिरड्यावर दिसली. सगळं टॅबात भरायचं. सहाच्या सुमारास पुण्याच्या यंत्राकडून उत्तर यायचं आणि देवळाच्या भोंग्यावरून तेही तिलाच वाचून दाखवावं लागायचं.

"ओढ्याच्या मादीचा आजचा अंदाज ऐका. थोरला मळा शेकडा बावीस, कुत्रं. टेपवस्ती शेकडा अठरा, शेळी. मधली आळी शेकडा नऊ..."

सरकारी कागदावर याचं नाव होतं भक्ष्य-अंदाज. गावाने त्याला 'वाटा' म्हणायला सुरुवात केली. संध्याकाळी पारावर माणसं एकमेकांना विचारायची, "आज वाटा कुणाकडं रं?" आणि ज्याच्याकडे असेल तो घराकडे पळायचा.

या यंत्राची मुळं पार अमेरिकेत होती. डॉ. मृण्मयी गोळे नावाच्या बाई तिथल्या प्यूमाच्या, म्हणजे डोंगरी सिंहाच्या मागे नऊ वर्षं हिंडल्या. प्यूमा खातो काय, एवढाच त्यांचा प्रश्न. ऐकायला सोपा, पण उत्तर जागोजाग वेगळं. वाळवंटात तो रानगाढवं खातो, डोंगरात हरणं, आणि दक्षिणेच्या टोकाला समुद्राकाठी चक्क पेंग्विन. इथवर नवल नाही. ज्या मुलखात जे पिकतं ते माणसंही खातात. नवल पुढे आहे. एकाच डोंगरात शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन माद्यांपैकी एक जन्मभर हरणं मारते आणि दुसरी रानमेंढ्यांवर जगते. याला कारण आई. पिल्लू वर्ष-दीड वर्ष आईमागे हिंडतं, आणि त्या दिवसांत आई जे पुढ्यात टाकते तेच त्याच्या लेखी अन्न ठरतं. बाकीचं जग म्हणजे नुसतं हलणारं काहीतरी.

बाईंनी याचा पुरावा मिशीत शोधला. या जनावरांची मिशी हळूहळू वाढते, आणि वाढताना त्या त्या आठवड्याचं खाणं तिच्यात उतरत जातं. निसर्गात कार्बनचे अणू प्रामुख्याने दोन जातींचे, एक हलका आणि एक किंचित जड. ऊस, मका, बाजरी यांच्यात जड कार्बन जरा जास्त, झाडपाल्यात कमी. त्यामुळे बाजरीच्या भाकरीवर वाढलेलं कुत्रं, उसाचं वाढं चघळलेली शेळी आणि झुडपातला ससा या तिघांच्या मांसाची खूण वेगळी असते, आणि ती खूण खाणाऱ्याच्या मिशीत सापडते. तेच तंत्र बाईंनी इथल्या उसातल्या बिबट्यांना लावलं. विष्ठेतल्या केसांवरून भक्ष्य ओळखायचं, मिशीवरून सवय, गळ्यातल्या पट्ट्यावरून चाल. त्यात गावात आज कुठे काय उघडं आहे याची सारिकासारख्या नोंदताईंनी दिलेली माहिती मिसळायची. एवढं झालं की यंत्र सांगायचं, या मादीची पुढची शिकार कुठे आणि कशाची. सगळ्या वस्त्या आणि रान मिळून बेरीज शंभर.

पहिल्या वर्षी गाव जाम खूश होतं. पूर्वी महिन्याला पाच-सहा शेळ्या जायच्या, त्या एक-दोनवर आल्या. डॉक्टरबाईंचा नारळ-शाल देऊन सत्कार झाला. सारिकाच्या हातचा चहा पिऊन त्या म्हणाल्या, "खरं श्रेय तुमचं. तुम्ही खोटं भरत नाही." आणि हे खरं होतं. सारिकाने आजवर एक कोंबडंसुद्धा कमी-जास्त लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मात्र तिच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. आकडा मोठा आला की माणूस काय करतो? पत्रा ठोकतो, जाळी बसवतो, कुत्रं घरात घेतो. थोरल्या मळ्यात पैसेवाली माणसं. तिथे दोन महिन्यांत सगळे गोठे बंद झाले आणि त्यांचा आकडा बावीसवरून दोनवर आला. त्याच दोन महिन्यांत टेपवस्तीचा अठरावरून सदतीसवर गेला. मग टेपवस्तीने कर्ज काढून जाळ्या बसवल्या, तेव्हा मधली आळी वर गेली. सारिकाने पुण्याला डॉक्टरबाईंना फोन लावला.

"बाई, इथं एक दार बंद झालं की दुसऱ्याचं दार वाजतंय."

"वाजणारच, सारिकाताई. ती उपाशी थोडीच राहणार आहे? शिवाय यंदा तिच्यामागे दोन पिल्लं आहेत. अंदाजाने भूक कमी होत नाही."

"मग तिला पकडून न्या."

"नेली, तर महिनाभरात रिकाम्या जागेवर दुसरं जनावर येतं. त्याची सवय काय, ते आपल्याला ठाऊक नसतं. निदान हिची माहीत आहे."

मग सारिकाने ग्रामसभेत उठून सांगितलं, की आपण पाळी लावू. दर आठवड्याला एका घराने एक शेळी उघडी ठेवायची, गावाने तिची भरपाई करायची, म्हणजे मादीचं पोट भरेल आणि आकडा कुठल्या भलत्या ठिकाणी फिरकणार नाही. सगळ्यांना हे एकदम पटलं. टाळ्या पडल्या. पहिली पाळी कोणाची, असं विचारल्यावर मात्र सभेत अशी शांतता पसरली की मागे कोणाचा तरी मोबाइल थरथरला तोही सगळ्यांना ऐकू आला. एकाची शेळी गाभण होती. एकाने बोकड नवसाला सोडला होता. तिसरा म्हणाला, आमच्यात शनिवारी जनावर देत नाहीत. त्या दिवशी सोमवार होता.

सरपंच संदेश डुंबरे पस्तिशीचा, हुशार आणि गोडबोल्या. सभा संपल्यावर तो सारिकाला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, पाळी-बिळी राहू द्या. धनगर येतीलच आता. त्यांना यंदा ओढ्याच्या रानात बसवू. धान्य दुप्पट देऊ."

सारिका जायला निघाली होती, ती थांबली.

मेंढरं बसवणं ही या भागातली जुनी रीत. दिवाळी सरली की पारनेरकडचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात. शेतकरी त्यांना आपल्या रिकाम्या शेतात चार-आठ दिवस बसवतो. लेंडीखताने जमीन सुधारते आणि धनगराला ज्वारी-बाजरी मिळते. पण ओढ्याचं रान म्हणजे मुरमाड पडीक, तिन्ही बाजूंनी ऊस, सगळ्या वस्त्यांपासून दीड-दोन किलोमीटर लांब. तिथे खत घालून कुसळं उगवायची होती काय?

"संदेशभाऊ, तिथं खत कशाला?" तिने विचारलं.

"खताचं कोण बोलतंय?" तो हसला. "दोनशे मेंढरं उघड्यावर बसली की गावाचा आकडा शून्यावर येतो. आणि वहिनी, हे आपल्यातच राहू द्या. त्यांना धान्य मिळतंय, आपल्याला झोप. कुणाचं काय वाईट झालं?"

येणारे धनगर म्हणजे बिरू करगळचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा फिरता तळ. बिरू, त्याची बायको ठकू, लेक, सून काजल आणि काजलची आठ महिन्यांची मुलगी. एकोणीस वर्षं ते सारिकाच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या शेतात बसत आले होते. सारिकाची मुलगी जन्मली तेव्हा सारिका तापाने फणफणली होती, अंगावर दूध नव्हतं. ठकूने अठरा दिवस पहाट-संध्याकाळ शेळीचं ताजं दूध आणून, पाणी घालून उकळून, आपल्या हाताने त्या पोरीला पाजलं होतं. पोरगी आता नाशकात नर्सिंग शिकत होती आणि फोनवर अजून विचारायची, दूधआजी आली का गं?

दूधआजी आली ती मार्गशीर्षाच्या सुरुवातीला. दुप्पट धान्याची गोष्ट ऐकून बिरू सरपंचाच्या पाया पडायचा बाकी राहिला. सारिका चार वाजता ओढ्याच्या रानात गेली, तेव्हा वाघर ताणून झाली होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोऱ्याची जाळी. नाव वाघाचं, पण तिने मेंढरू आत राहतं, इतकंच; उंची कंबरेएवढी, बिबट्याला एक उडी.

"ये गं माझी बाय!" ठकूने तिचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला. "वाळलीस किती! नवरा चाकणला आन् तू स्कूटरवर. खातीस का न्हाय?"

सारिकाने टॅब काढला. मेंढरं दोनशे बारा, उघड्यावर. कुत्री दोन, मोकाट. माणसांचा रकाना यंत्रात नव्हताच. माणूस हे या मादीचं भक्ष्य नाही, असं तिच्या मिशीने सांगितलं होतं. सारिकाने बटण दाबलं. सहा वाजता उत्तर आलं. सातही वस्त्या मिळून चार. बाकीचं रान पस्तीस. ओढ्याचा वाडा शेकडा एकसष्ट.

तिने भोंग्यावरून सात वस्त्यांचे आकडे वाचले. आठवा तिच्या तोंडून निघेना. पारावर कोणीतरी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी तिने ठकूला सगळं सांगून टाकलं. सरपंच काय म्हणाला, यंत्र काय म्हणतं, धान्य दुप्पट का. सांगताना तिला रडू फुटलं. ठकू चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही.

"येवढंच व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं काय झालं. अगं, वर्साला चार-पाच मेंढरं त्येची असत्यात. आमच्या सासूनं सांगितलंय, त्येचा वाटा त्येला, आपला आपल्याला. गावानं आम्हाला काय नवं दिलं?"

"ठकूमावशी, चार-पाच आधी होती. आता सगळ्या गावाचं तुमच्या डोक्यावर आलंय. महिन्याला चार-पाच जातील."

तेव्हा कुठे ठकूचा हात थांबला. तिने बिरूकडे पाहिलं. बिरू काठीवर हनुवटी टेकवून बसला होता.

"जावं कुठं?" तो म्हणाला. "मागच्या गावात बी आम्हाला रानातच बसवलं, त्येच्या मागच्यात बी. आदी लोक घरामागं बसवायची, पोरं कोकरं खेळवायला यायची. यंदा समदी लांब बसवत्यात. मला वाटलं, वासाचं कायतरी असंल." तो कसनुसा हसला. "समद्याच गावांत तुझ्यावानी बाया हायेत ना? मंग समदीकडं ह्योच आकडा."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान बीळ तरी असतं.

आठ दिवसांत तीन मेंढरं गेली. सारिकाच्या हट्टामुळे डॉक्टरबाई स्वतः आल्या. त्यांनी पावलांचे ठसे पाहिले, आईचे आणि दोन पिल्लांचे. पिल्लं आता चांगली वाढली होती. शेवटचं मेंढरू त्यांनीच पाडलं असावं. मग बाईंची नजर वाड्यातल्या अंथरुणांकडे गेली. धनगर मेंढरांच्या कडेने जमिनीवर झोपतात, आपल्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी पांघरून. बाईंनी एक घोंगडी उचलून नाकाशी नेली आणि पुन्हा पिल्लांच्या ठशांकडे पाहिलं.

"सारिकाताई," परतताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आईची सवय मला माहीत आहे. ती माणसाच्या वाटेला जाणार नाही. पण पिल्लं आत्ता शिकताहेत. ती काय शिकताहेत, तर हा लोकरीचा वास म्हणजे अन्न, आणि ते जमिनीवर आडवं पडलेलं असतं. ही माणसं त्याच लोकरीत झोपतात."

"मग यंत्राला सांगा की तसं."

"यंत्र झालेल्या गोष्टींवरून शिकतं. अशी गोष्ट अजून घडलेली नाही. त्यामुळे त्याच्या लेखी ती शक्यताच नाही."

"तुम्ही तरी लिहून द्या वर."

"दिलंय. उत्तर येईपर्यंत फिरतं पथक सर्वात मोठ्या आकड्याच्या ठिकाणी उभं राहील, एवढंच माझ्या हातात आहे." पथक म्हणजे वनखात्याची दिवा-भोंगा लावलेली एक जीप आणि दोन पोरं. पाच गावांत मिळून ती एकच होती, आणि रोजच्या अंदाजाप्रमाणे आपोआप तिची जागा ठरायची. जीप ओढ्याच्या रानात उभी राहायला लागली, तरी अधूनमधून पलीकडच्या बाजूने मेंढरू जायचंच. पण जीप असेपर्यंत मादी पिल्लांना वाघरीच्या आत आणत नव्हती.

सारिकाने घरातल्या पाच जाडजूड गोधड्या नेऊन दिल्या. घोंगड्या पेटीत घाला, ह्याच पांघरा, अशी शपथ घातली. ठकूने गोधडीवरून हात फिरवला, टाके नावाजले आणि सगळ्या ठेवून घेतल्या. दोन दिवसांनी सारिका गेली तर एक गोधडी काजलच्या मुलीच्या अंगावर आणि बाकीच्या चार नव्या कोकरांखाली पसरलेल्या.

"मावशी!"

"अगं, थंडी काय पडलीय! लेकराला घातली की तू सांगितलीस तशी. कोकरं बी लेकरंच. आमाला घोंगड्याशिवाय नीज येत न्हाय, अंगाला चावतंय तुझं ते सुताचं." आणि ठकू दात नसलेल्या तोंडाने अशी हसली की सारिकाला रागावताही येईना.

त्या रात्री सारिकाला झोप लागली नाही आणि सकाळी तिने एक गोष्ट मनाशी ठरवली. गाव पाळी लावत नाही ना? मग पहिली पाळी आपली. तिच्या गोठ्यात चार शेळ्या होत्या. तिने डॉक्टरबाईंना विचारलं नाही, सरपंचाला सांगितलं नाही. अण्णांना सांगायला हवं होतं, पण शेळ्या अण्णांचा जीव. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, म्हणून तिने सांगितलं नाही. संध्याकाळी तिने गोठ्याची पत्र्याची दारं सताड उघडी टाकली, दावी सैल केली आणि टॅबात खरं तेच भरलं. औटी वस्ती, शेळ्या चार, उघड्यावर.

सहा वाजता उत्तर आलं. औटी वस्तीला कुंपण नाही, ऊस अगदी दारापर्यंत, आणि ही मादी लहानपणी शेळीवर वाढलेली. औटी वस्ती शेकडा अठ्ठावन्न. ओढ्याचा वाडा शेकडा वीस.

वीस! सारिकाने तो आकडा भोंग्यावरून दोनदा वाचला. घरी आली तेव्हा दारात जीप उभी होती. सर्वात मोठा आकडा आता तिचाच होता, त्यामुळे पथक तिच्याकडे आलं होतं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने पोरांना म्हटलं, "अरे, तुम्ही ओढ्याला जा, मी मुद्दाम उघडं ठेवलंय." पोरं म्हणाली, "काकू, आमच्या गाडीला पट्टा आहे. जागा सोडली की साहेबांचा फोन येतो." तिने साहेबांना फोन लावला. साहेब लग्नाला गेले होते. आणि शेवटी वीस म्हणजे वीसच की, असं म्हणत ती आडवी झाली. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी ती उठून गोठ्याकडे गेली. दार बंद होतं. कडी घातलेली, वर खिळा अडकवलेला. आत चारही शेळ्या आरामात रवंथ करत होत्या.

अण्णा ओसरीवर मिसरी लावत बसले होते. "रात्री दार उघडंच टाकलं होतंस," ते म्हणाले. "आठ वाजता मी पाहिलं म्हणून बरं. बिबट्याची तलाठीण, आन् घरचंच दार उघडं!" पंचेचाळीस वर्षं हा माणूस झोपण्याआधी गोठ्याची कडी पाहत आला होता. त्यांना दोष द्यायचा तर कोणत्या तोंडाने?

ती जागच्या जागी उभी असतानाच मोबाइल वाजला. काजलचा होता. पलीकडून शब्द येत नव्हते, नुसता हंबरडा येत होता.

ठकू वाघरीच्या कडेला झोपली होती, नेहमीसारखी, डोक्यापर्यंत घोंगडी ओढून. पिल्लाने मान धरली होती. मेंढराची धरतात तशीच. बिरूने काठी घातली तेव्हा ते सोडून पळालं; पण तेवढ्यात सगळं संपलं होतं. जीपवाल्या पोरांनी ठसे पाहिले, फोटो काढले. सरपंच आला, डोळे पुसत आला, आणि ते अश्रू खोटे नव्हते. त्याने आपल्या गाडीतून सगळी धावपळ केली, तीन दिवस वाड्याला घरून जेवण पाठवलं. सारिकाला त्याचा मनापासून तिरस्कार करायचा होता. पण उघडी शेळी भरल्याशिवाय जीप हलली नसती, आणि ती नोंद त्याने भरली नव्हती.

दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"सारिकाताई, नोंदीत तुमच्याकडे चार शेळ्या उघड्यावर दिसतात. पथकाने रात्री तुमच्या दारात काढलेल्या फोटोत गोठा बंद आहे."

"व्हय बाई."

"यंत्राला ते कळलं नाही. मादी आधी तुमच्याकडेच आली होती. पट्ट्यावरून दिसतंय. गोठ्याला वळसा घालून गेली."

मग बाई म्हणाल्या, "आता यंत्रात माणसाचा रकाना येईल. एक नोंद झाली ना."

माती झाली. तीन दिवस जीप वाड्यापाशी उभी राहिली. चौथ्या दिवशी मेंढरांना चारा उरला नव्हता, दुःखाला काय, ते चाऱ्यावाचूनही राहतं. वाडा हलवणं भाग होतं. घोडीवर सामान चढलं. सारिका गेली आणि बिरूपुढे जमिनीवर बसून तिने सगळं सांगितलं. दार उघडं टाकलं ते, जीप तिच्याकडे आली ती, अण्णांनी कडी घातली ती. एक शब्दही राखून ठेवला नाही. माझ्यामुळे गेली मावशी, असं ती तोंडाने म्हणाली.

बिरू ऐकत राहिला. तो रडला नाही, रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"कडी त घालावीच लागती," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला काय बोलू नगस." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुझं यंत्र हाय न्हवं संगं? बघ की त्यात. आज मेंढरं कुठं बसवू?"

सारिकाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण त्याने काठीने काजलकडे आणि तिच्या पाठीशी बांधलेल्या पोरीकडे खूण केली. मेंढरं दोनशे चार उरली होती आणि पोटं चार.

तिने टॅब उघडला. एका दिवसात मेंढरं चालतील तेवढ्या टापूत पाच गावं होती. प्रत्येक गावात ती दोनशे चार मेंढरं बसवून पाहत गेली आणि प्रत्येक गावाने तिला आकडा दिला. कुसुरवाडी चौसष्ट. वडाचा माळ एकोणसाठ. खालचं शिंदोरं सत्तर. पाचही गावांतले गोठे बंद होते. पाचही गावांत नोंदताई चोख काम करत होत्या.

"बोरदरा सत्तेचाळीस," ती म्हणाली. "त्याहून कमी कुठंच नाही, बिरूमामा."

"सत्तेचाळीस म्हंजी शंभरातलं?"

"व्हय."

"मंग निम्म्याच्या आतच हाय की," बिरू म्हणाला. ते त्याने तिच्या समाधानासाठी म्हटलं होतं. त्याने तोंडाने आवाज केला, पुढचं मेंढरू बोरदऱ्याच्या वाटेला वळलं आणि मागची सगळी त्याच्यामागे निघाली.

नियमाप्रमाणे पुढच्या गावाला कळवावं लागायचं. धूळ दिसेनाशी झाल्यावर सारिकाने बोरदऱ्याच्या नोंदताईला फोन लावला आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे मेंढरं येतील, दोनशे चार, उघड्यावर.

"आली का मेंढरं!" पलीकडची बाई एकदम म्हणाली. "देव पावला गं बाई. आमच्या शाळेजवळच्या वस्तीवर चौतीसपर्यंत गेलं होतं, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही."

सारिकाने फोन ठेवला. त्या बाईला काय वाटत असेल, हे तिला पुरतं ठाऊक होतं.